पाणी भिऱ्याला, क्रेडिट पुण्याला

समजा, मुळशी धरणाच्या वरच्या डोंगरांवर उद्या एखाद्या संस्थेने झाडे लावली, ताली घातल्या, ओढ्यांत दगडी बांध रचून माती अडवली. आणि या कामाचे क्रेडिट पुण्यातल्या एखाद्या सांडपाणी सोडणाऱ्या प्रकल्पाला विकले. वाकडच्या पुलाखालच्या मुळा नदीला त्यातून काय मिळेल? काहीही नाही. त्या डोंगरांवरचे पाणी एरवी वाकडला येतच नाही. ते मुळशीच्या तलावात साठते, बोगद्यातून सह्याद्री ओलांडते, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे निघून जाते. १९२७ पासून हे असेच चालले आहे. पावसाळ्यात तलाव भरला आणि सांडव्यावरून विसर्ग सोडला, तर तेवढ्यापुरते ते पाणी पूर्वेला येते. उरलेले वर्ष मुळेचा वरचा सगळा मुलूख कोकणाच्या खात्यावर जमा आहे.

मुळशीतल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असते. तरी ‘पुण्याची नदी सुधारायची तर मुळशीचे डोंगर जपा’ असे सरसकट म्हटले जाते आणि सगळे माना डोलावतात. डोंगर जपायलाच हवेत, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या जपण्याची पावती पुण्यातल्या घाणीच्या बदल्यात फाडली जाणार असेल, तर पाणी कुठून कुठे वाहते हे आधी नकाशावर बोट ठेवून सांगा.

पावती फाडायचा विषय मी हवेतून काढलेला नाही. महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्याचा हक्क मोजून द्यायचा, आणि तो हंगामापुरता किंवा वर्षापुरता दुसऱ्याला देण्याघेण्याचे निकष ठरवायचे, ही तरतूद त्याच कायद्यात आहे. घाण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्वही तिथेच लिहिले आहे. २०१९ च्या सुमाराला प्राधिकरणाने सांडपाण्याच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे आणि त्यांची देवाणघेवाण यांची चौकट आखायला घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने हरित क्रेडिटचे नियम काढले. जलसंधारण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर त्याच्या यादीत आहेत. म्हणजे पाण्याची राखण आणि पाण्याची घाण या दोन्हींना बाजारभाव लावण्याची तयारी कागदावर बरीच पुढे गेली आहे. मुळशीसारखा तालुका, डोंगराने भरलेला आणि पुण्याला खेटलेला, या बाजारातून सुटणार नाही.

मी या बाजाराच्या विरोधात नाही. जगात तो काही ठिकाणी नीट चालला आहे आणि नद्या-खाड्यांना त्याचा उपयोग झाला आहे. कल्पना सरळ आहे. नदीत रोज एकूण किती घाण जाऊ द्यायची याची मर्यादा सरकार ठरवते आणि ती शहरांना, कारखान्यांना वाटून देते. ज्याला वाट्यापेक्षा कमी सोडणे जमले, त्याने उरलेला वाटा विकावा. ज्याला यंत्रणा बसवणे फार महाग पडते, त्याने तो विकत घ्यावा. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने बांधावर गवत राखून माती आणि खत ओढ्यात जाऊ दिले नाही, तर तीही बचत मोजून विकता येते.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २००२ पासून हे करून दाखवले. लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या पट्ट्यात नायट्रोजनमुळे उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपायचा, मासे मरायचे. राज्याने आधी एकूण नायट्रोजनवर मर्यादा घातली. मग गावोगावची ७९ शुद्धीकरण केंद्रे एका व्यवहारात बांधली. ज्यांनी जास्त काढला त्यांना पैसे, ज्यांनी कमी काढला त्यांच्याकडून वसुली.

ऑस्ट्रेलियातल्या हंटर नदीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण तिथे प्रवाहाचा विचार आहे. कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रे नदीत खारे पाणी सोडत आणि खालचे शेतकरी त्याने हैराण होत. १९९५ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाला. एकूण १००० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे त्या वेळी नदीला पेलेल तेवढ्या क्षाराचा हजारावा हिस्सा. नदीला पाणी कमी असेल तेव्हा क्रेडिट खिशात असले तरी एक थेंब सोडायचा नाही. पाणी भरपूर असेल तेव्हाच, ज्याच्याकडे जितकी क्रेडिट तितकेच सोडायचे. प्रवाह आणि क्षार सतत मोजले जातात आणि आकडे सगळ्यांना दिसतात.

आता हा नियम मुळेला लावून बघा. पावसाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर मुळशी धरणाखाली नदीला स्वतःचे पाणी असते तरी किती? पौड, पिरंगुटच्या बाजूचे ओढे आटले की पात्रात जे वाहते त्यात गावांचे, वसाहतींचे, शहराचे सांडपाणीच जास्त. हंटरच्या नियमाने वर्षातले आठ महिने या नदीत सांडपाणी सोडायलाच बंदी घालावी लागेल. बाजाराची भाषा करणाऱ्यांनी हे कलम वाचले आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. आपल्याकडे एकूण मर्यादाच नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रत्येकाला वेगळी परवानगी मिळते. त्या परवानगीत त्याचे सांडपाणी किती आणि ते एका लिटरमागे किती घाण असलेले चालेल, हे लिहिलेले असते. सगळ्यांची मिळून बेरीज किती झाली तर नदी मरेल, हे कुठेच लिहिलेले नसते. हिशेब करून बघा. दहा लाख लिटर सांडपाणी, लिटरला ३० मिलिग्रॅम बीओडी, म्हणजे रोज ३० किलो. (ही घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाऊन टाकते तो बीओडी.) असे दहा प्रकल्प झाले की रोज ३०० किलो, वीस झाले की ६००. विसांच्या विसांच्या दाखल्यावर ‘निकषात आहे’ असा शेरा. नदीतले मासे गेले तरी गुन्हा एकाचाही नाही.

आणि आंघोळीच्या पाण्याचा निकष काय, तर बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत. ३० चे ३ करायचे तर सांडपाण्याच्या प्रत्येक लिटरमागे निदान नऊ लिटर अगदी निर्मळ पाणी नदीत हवे. कडक निकष लावून सांडपाणी १० वर आणले, तरी सव्वादोन लिटरच्या वर हवे. हे निर्मळ पाणी मुळेला कुठून मिळणार? ते तर भिऱ्याच्या जनित्रांतून गेले. कोलाडला लोक ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात, रोह्याच्या धाटाव वसाहतीजवळून जी कुंडलिका वाहते, तिच्यात आपल्या मुळेचा आणि निळा नदीचा पाऊस आहे. कोकणाला पाणी मिळू नये असे मी म्हणत नाही. पण मुळेच्या घाणीचा हिशेब मांडताना तिचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात गेले आहे, ही ओळ वगळून बेरीज करता येणार नाही.

एकूण मर्यादा घालणे आपल्याला जमत नाही, असे मला कुणी सांगू नये. पाण्याच्या मापावर ती घातलेली आहे, तीही याच तलावांच्या बाबतीत. कृष्णेच्या पाण्यावरून तीन राज्ये भांडली, तेव्हा बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात मुळशीसह टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी आकडा लिहून टाकला. भीमा खोऱ्यातून पश्चिमेला वळवायचे पाणी एका वर्षात ५४.५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर जाता कामा नये आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीच्या वर जाता कामा नये. राज्ये एकमेकांच्या उरावर बसली तेव्हा हिशेब दशांशापर्यंत झाला. मुळेच्या काठची माणसे, गुरे, खालचे उजनी धरण यांच्यासाठी मात्र घाणीचा असा एकही आकडा आजवर कुणी लिहिला नाही. उलट जे होते तेही काढून घेतले. नद्यांच्या काठाने ठराविक अंतरात प्रदूषणकारी उद्योग नकोत, हे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० साली आले आणि २०१५ मध्ये सरकारने ते मागे घेतले. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले, तेव्हा ३५१ पैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले निघाले. इतके कुठल्याच राज्याचे नव्हते.

मोजणीचेही तसेच. नदीचे पाणी तपासायचे म्हणजे ठरलेल्या पुलावरून महिन्यातून एकदा बाटली भरायची. मधल्या एकोणतीस दिवसांत रात्री कोणता टँकर ओढ्यात रिकामा झाला, हे त्या बाटलीला कळत नाही. सुरतला २०१९ मध्ये गिरण्यांच्या धुराचा बाजार सुरू झाला. त्याआधी तिथल्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली गेली आणि मगच व्यवहार सुरू झाला. धूर कमीही झाला. आपल्याकडे माप यायच्या आधी माल विकायला निघाला आहे.

आता राम नदीकडे या. भूगावजवळच्या खाटपेवाडीत, म्हणजे मुळशी तालुक्यातच, तिचा उगम. भूगाव, बावधन, पाषाण करत ती औंध-बाणेरच्या बाजूला मुळेला मिळते. गेल्या पंचवीस वर्षांत तिच्या दोन्ही काठांनी इमारती उभ्या राहिल्या. समजा, बावधनच्या एखाद्या मोठ्या वसाहतीने पौडच्या बाजूला झालेल्या कामाचे क्रेडिट विकत घेतले. कागदावर मुळेची घाण तेवढीच राहिली, व्यवहार चोख झाला. पण पौडचे पाणी राम नदीत येत नाही. बावधनपासून औंधपर्यंतचे अख्खे पात्र जसेच्या तसे नासलेले राहिले, आणि आता त्याला कायद्याचे संरक्षणही मिळाले. म्हणून माझी अट साधी आहे. ज्या ओढ्यात घाण पडते, त्याच ओढ्यावर, घाण पडते त्या जागेच्या वरच्या अंगाला बचत झालेली असली पाहिजे. दुसऱ्या खोऱ्यातले क्रेडिट चालणार नाही, दुसऱ्या ओढ्यावरचेही चालणार नाही.

दुसरी अट हिंजवडी, माण, मारुंजी, सूस, म्हाळुंगेच्या टोलेजंग वसाहतींसाठी. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण परवानगी घ्यावी लागते आणि स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभारणे त्यात बंधनकारक असते. ते केंद्र रोज नीट चालवणे ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे. विजेचे बिल वाचवायला ते बंद ठेवायचे आणि पुढे कधीतरी ‘आम्ही आता चालवतो’ म्हणून त्याचेच क्रेडिट विकायचे, हे मी कदापि मान्य करणार नाही. जे करायलाच हवे होते त्याचे दाम नदीकडून वसूल करता येत नाही. आणि जिथे सांडपाण्याची वाहिनीच नाही, तिथल्या ग्रामपंचायतींनी बाजारात काय विकायचे? माणच्या आयटी पार्कमधून कर आणि निर्यात देशाला मिळाली. त्याच्या शेजारच्या गावांना गटाराची वाहिनी कधी मिळणार, हा प्रश्न क्रेडिटच्या आधीचा आहे.

पुण्याने असा एक सौदा केलेला आहे आणि त्याचा धडा समोर आहे. मुंढव्याचा जॅकवेल. पालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले सांडपाणी तिथून उचलून कालव्यात सोडायचे, खालच्या शेतीला द्यायचे आणि त्या बदल्यात खडकवासल्याचे जास्तीचे पाणी शहराने घ्यायचे, असे ठरले. कल्पना उत्तम होती. शहराला पिण्याचे पाणी, हवेली-दौंड-इंदापूरच्या शेतीला वापरलेले पण साफ केलेले पाणी. मात्र त्यात एक दोष राहिला. शहराला द्यायचे ते पाणी थेट नळाला येते. शेतकऱ्याला द्यायचे त्या पाण्याची प्रत मोजायचा अधिकार शेतकऱ्याच्या हातात नाही. कालव्याच्या पाण्याचा वास, फेस, जमिनी खराब होण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे छापून येत आहेत. जपानच्या कर्जातून पुण्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, उभारण्याचा करार झाला तो २०१६ सालचा. खालच्या शेतकऱ्याने आपला चांगला माल आधीच देऊन टाकला होता. त्याच्या वाट्याला आलेल्या मालाची प्रत मात्र अजून भांडणातच आहे.

मुळशीला तर सौद्याचा इतिहास शिकवायची गरजच नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळ्यांनी टाटांच्या मुळशी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून सेनापती बापट झाले. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरले आणि पुढे त्या लढ्याची हकिकत त्यांनी लिहून ठेवली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. लढा मोडला त्याची कारणे अनेक, पण एक कारण आजच्या विषयाला थेट भिडते. मुळशीच्या बऱ्याचशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. सावकाराला भरपाईची रक्कम हवी होती. कसणाऱ्याला आपले भाताचे खाचर हवे होते. सरकार आणि कंपनी बोलणी करायला बसली की कागद ज्याच्या नावाचा त्याच्याशी बोलणी होतात. पैसा एकाला, बुडीत दुसऱ्याला. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकात हा ताण नीट मांडला आहे. धरणाच्या वादात ज्यांना रस आहे त्यांनी ते मुळातून वाचावे.

शंभर वर्षांनी मुळशीतला कागद पुन्हा बदलला आहे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनी, जिथे नाचणी-वरई व्हायची, त्यातल्या किती आज गावातल्या माणसांच्या नावावर उरल्या आहेत? फार्म हाऊसचे प्लॉट पडले, डोंगर फोडून रस्ते निघाले, सातबाऱ्यावर पुण्या-मुंबईची नावे चढली. उद्या ‘माती अडवली’ म्हणून क्रेडिट द्यायचे ठरले, तर ते मिळणार सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्याने डोंगर फोडून पहिल्या दोन पावसात माती ओढ्यात लोटली, तोच तिसऱ्या वर्षी गवत लावून क्रेडिटचा धनी होईल. पिढ्यान्‌पिढ्या ताली सांभाळणारा, देवराईतले वाळके लाकूडही न उचलणारा, आंबेमोहोराचे खाचर दरवर्षी नव्याने बांधणारा शेतकरी, वरच्या पाड्यावरचा कातकरी, धनगर, महादेव कोळी यांच्या नावे काहीच नोंद होणार नाही. त्यांनी काही बिघडवलेच नव्हते, मग सुधारले काय म्हणून दाखवणार?

हरित क्रेडिटमध्ये हे घडून गेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली कार्यपद्धती जाहीर झाली ती झाडे लावण्याची, तीही निकृष्ट ठरवलेल्या वनजमिनीवर. पैसे कंपनी भरणार, झाडे वनखाते लावणार, क्रेडिट कंपनीच्या खात्यावर. त्या जमिनीत गुरे चारणारे, गवत कापणारे गाव या व्यवहारात कुठे आहे? पश्चिम घाटातला गवताळ सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे. पाणी जिरवायचे त्याचे काम तो करतोच आहे. त्यावर खड्डे खणून रोपे खोचली की पाणलोट सुधारतो, हे मला कुणी ताम्हिणीच्या पावसात उभे राहून पटवून द्यावे.

इतके सगळे बोलल्यावर मी मुळशीत असा व्यवहार नकोच म्हणेन असे वाटेल. तसे नाही. मुळशीत एक सौदा खरोखर करण्यासारखा आहे. पाणी जिथे जाते तिथूनच त्याचे पैसे आणता येतात. हा सौदा मुळेच्या वरच्या अंगाला नाही. तो मुठा आणि मोसे खोऱ्यांत आहे. टेमघर धरण मुळशी तालुक्यात मुठेवर आहे. वरसगावच्या जलाशयाचा वरचा मोठा मुलूख, मोसे नदीचा, मुळशीतच आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या चारांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी, आणि पुणे जिवंत राहते ते त्यावर. त्या चारांपैकी टेमघर आणि वरसगाव मिळून साडेसोळा टीएमसी. म्हणजे पुण्याच्या पाण्यातला अर्ध्याहून जास्त साठा ज्या दोन धरणांत आहे, त्यांच्या पाणलोटात मुळशीच्या गावांचा मोठा वाटा आहे. इथे डोंगरावरून ओढ्यात गेलेली माती आणि सेप्टिक टाकीतून गळलेली घाण थेट पुणेकराच्या हंड्यात येते. इथे वरच्याने राखले तर खालच्याला मिळते.

आणि या खोऱ्यात पुण्याने काय केले? मोसेच्या डोंगरात लवासाचे शहर उभे राहू दिले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितले, तोवर डोंगर कापून झाले होते. वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. पुण्याच्या पिण्याच्या पाण्याच्या माथ्यावर शहर वसवायचे का, हा प्रश्न पुणेकरांच्या सभागृहाने तेव्हा जोराने विचारायला हवा होता.

न्यू यॉर्क शहराने पाण्याच्या माथ्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. कॅट्सकिलच्या डोंगरातून येणारे पाणी गाळायला प्रचंड खर्चाचा प्रकल्प बांधावा लागणार होता. १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांच्या गोठ्याची घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून शहराने पैसे घातले, घरोघरच्या सेप्टिक टाक्या शहराच्या खर्चाने दुरुस्त केल्या, मोक्याच्या जमिनी विकत घेतल्या. आजही त्या पाण्याचा मोठा भाग गाळल्याशिवाय शहराला पुरवला जातो. आणि हे फक्त डॉलरवाल्यांनाच परवडते असेही नाही. हिमाचलातल्या पालमपूर या छोट्या नगरपरिषदेने २०१० मध्ये आपल्या झऱ्याच्या वरच्या गावांशी करार केला आणि जंगल राखण्याबद्दल वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे कबूल केले. रक्कम लहान होती. पण खालचे गाव वरच्या गावाचे देणे लागते, हे एका नगरपरिषदेने कागदावर मान्य केले.

पुणे महापालिकेने टेमघर आणि मोसे खोऱ्यातल्या गावांशी असाच करार करावा. करार ग्रामसभेशी व्हावा, सातबाऱ्यावर नाव असणाऱ्या एकट्याशी नव्हे. ज्यांनी आजवर डोंगर राखला त्यांना राखल्याचे पैसे मिळावेत, बिघडवून मग सुधारणाऱ्याला आधी नकोत. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहेच. ती मोडणाऱ्याकडून दंड वसूल करून तो याच गावांच्या खात्यात जावा. घरोघरच्या शौचालयांच्या टाक्या दुरुस्त करायचा आणि उपसायचा खर्च शहराने उचलावा. भातखाचरांच्या ताली दरवर्षी फुटतात, त्या बांधायला रोजगार हमीच्या मस्टरवर माणसे लागावीत आणि वरचा फरक पालिकेने द्यावा. टेमघर-वरसगावला मिळणाऱ्या मोठ्या ओढ्यांच्या मुखाशी गढूळपणा आणि प्रवाह मोजणारी यंत्रे बसवावीत आणि त्यांचे आकडे गावाच्या पंचायतीत आणि पालिकेच्या सभागृहात एकाच वेळी दिसावेत. मोजणी गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींकडे द्यावी, पगारी.

मुळेच्या बाजूला मात्र आधी दोन आकडे जाहीर करा, त्यानंतरच बाजाराचे बोला. धरणाखाली बारमाही किती पाणी सोडणार, आणि वाकडपासून मुठेच्या संगमापर्यंत रोज एकूण किती किलो घाण चालवून घेणार. पहिला आकडा जलसंपदा खात्याने आणि टाटांच्या कंपनीने बसून ठरवावा, दुसरा प्रदूषण नियंत्रण मंडळाने. तोवर मुळशीच्या तलावावरच्या डोंगरांचे एकही क्रेडिट पुण्याच्या हद्दीतल्या कुणालाही विकता येणार नाही, असा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने काढावा. रोह्याच्या कारखानदारांना ते हवे असेल तर त्यांनी घ्यावे. पाणी त्यांच्याकडेच जाते.

टेमघर-मोसेच्या करारासाठी पैसा कुठून, हे विचाराल. पुण्याच्या पाणीपट्टीत त्यासाठी वेगळी ओळ घाला आणि येत्या अंदाजपत्रकात तिच्यासमोर रक्कम लिहा.